अमेरिकेत परवडणारी लिव्हर-अ‍ॅक्शन .२२ रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड आलंय, दहा वर्षांच्या मुलाला नेमबाजी शिकवायची आहे, हातात चारशे डॉलर आहेत, मनात .२२ (म्हणजे नळीचा व्यास, इंचात) लिव्हर-अ‍ॅक्शन आहे, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर खालची दांडी ओढून पुढचं काडतूस चढवायचं, पण ओळखीतले लोक 'ते खेळणं आहे, सेमी-ऑटोमॅटिक घे' म्हणतात. हे शेवटचं वाचलं आणि मला राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्याच डायनिंग टेबलवर ऐकलेलं आहे.

उत्तर आधी देते: हेन्री या कंपनीची एच००१ घ्या, ती लिव्हर-अ‍ॅक्शनच आहे. मुलगा अंगानं लहान असेल तर त्यातलंच यूथ मॉडेल. आता कारण सांगते.

मी मूळची कोल्हापूरची, आणि डावखुरी. कॉलेजात एनसीसीला होते, तिथे .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल मिळायची. बोल्टची, म्हणजे काडतूस चढवणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ उजवीकडे. डाव्या खांद्याला रायफल लावली की प्रत्येक गोळीनंतर हात वरून पलीकडे न्यायचा, म्हणजे गाल उचलायचा, नेम मोडायचा. उस्ताद म्हणायचे, 'उजव्यानं मार, सगळे मारतात.' मी मारलं उजव्यानं, आणि माझा डावा डोळा प्रबळ असल्यामुळे गोळ्या कुठेही जायच्या. शेरा पडला, 'हिला जमत नाही.'

आता माझी मुलगीही डावखुरी निघाली. पेनसिल्व्हेनियात आम्ही राहतो तिथे शेजारपाजारची मुलं दहा-अकराव्या वर्षी बापाबरोबर रेंजवर जातात. तिनंही हट्ट धरला. मी चौकशी करून एच००१ आणली. त्याच सुट्टीत टेक्सासहून माझे दीर आले. त्यांच्याकडे दोन-तीन बंदुका आहेत, त्यामुळे घरात या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा. रायफल हातात घेऊन त्यांनी रिसीव्हरवर (यंत्रणा बसते त्या धातूच्या भागावर) टिचकी मारली आणि म्हणाले, 'वहिनी, हे जस्ताचं आहे. सिनेमातलं काऊबॉयचं खेळणं घेतलंत. पोरीला सेमी-ऑटो द्या, नुसता ट्रिगर दाबायचा.'

दुसऱ्या दिवशी सगळे क्लबच्या रेंजवर गेलो. पंचवीस यार्डांवर कागदी प्लेटा लावल्या. आधी त्यांची सेमी-ऑटो, जी पुढचं काडतूस आपोआप चढवते. मुलीनं डाव्या खांद्याला लावली आणि पहिल्याच गोळीला रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं कवच) उजवीकडून उडून तिच्या उजव्या हाताच्या कोपराजवळ, बाहीत शिरली. पुंगळी तापलेली असते. ती दचकली. पुढच्या प्रत्येक गोळीला ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागली. वर ती स्वस्तातली, मोठ्या डब्यातली काडतुसं. मधूनच एखादी पुंगळी अर्धवट अडकायची आणि काकांना येऊन ती काढायला लागायची. 'उजव्यानं मार बेटा, सवय होईल,' हेही झालं. ते ऐकून माझ्या डोक्यात काय झालं असेल ते वर लिहिलेलं वाचून तुम्हाला कळेल.

मग एच००१. हिची पुंगळीही उजवीकडेच पडते, पण केव्हा पडते ते महत्त्वाचं. गोळी सुटते तेव्हा काहीच उडत नाही. मूल श्वास सोडतं, लागली का बघतं, मग स्वतः लिव्हर खाली ओढतं तेव्हा पुंगळी बाहेर येते. लिव्हर मधोमध खाली असते, त्यामुळे डावा-उजवा हा भेदच नाही. चार-पाच गोळ्यांत तिचे डोळे मिटायचे थांबले. डबा तोच, काडतुसं तीच, आणि इथे एकही अडकलं नाही, कारण हातानं चालणाऱ्या यंत्रणेला काडतुसाच्या जोराची पर्वा नसते. सेमी-ऑटोला बोल्ट मागे ढकलण्याइतका जोर लागतो, कमकुवत काडतूस आलं की ती अडते. म्हणूनच .२२ शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल, ही तिन्ही प्रकारची काडतुसं एच००१ मध्ये चालतात.

भाऊजींची जस्ताची टिचकी खोटी नाही. रिसीव्हर जस्ताच्या मिश्रधातूचाच आहे आणि वर आवरण आहे. पण काडतूस बसतं ते पोलादी नळीत, आणि .२२चा दाब मोठ्या काडतुसांच्या मानानं बराच कमी. ही रायफल १९९७ पासून विकली जातेय, त्यातल्या जुन्या रायफली अजून चालतायत. मला खटकतो तो नळीवरचा प्लॅस्टिकचा बँड. त्या किमतीला तो सोसते.

बाकीच्या पटकन सांगते. रॉसीची रिओ ब्राव्हो ब्राझीलची, बहुधा अजून थोडी स्वस्त मिळेल. हॅमर (ट्रिगर दाबला की ठोका देणारा भाग) अडवणारं सेफ्टीचं बटण तिला आहे, हेन्रीला असं वेगळं बटण नाही. त्यासाठी ती घ्यावीशी वाटली तर माझी हरकत नाही, पण लिव्हरची चाल मला हेन्रीचीच गुळगुळीत वाटते. ब्राउनिंगची बीएल-२२ जपानात मिरोकू बनवते. तिची लिव्हर फक्त ३३ अंश फिरते, फार देखणं काम, पण तुमच्या बजेटच्या बाहेर. विंचेस्टर ९४२२ चं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. मार्लिन ३९ए एका मोठ्या स्क्रूवर दोन तुकड्यांत उघडते आणि मागून साफ करता येते. माझ्या मते ही यातली सर्वोत्तम, पण या दोन्ही आता जुन्या बाजारात नव्या हेन्रीच्या दुपटीला जातात. हेन्रीचीच सोनेरी गोल्डन बॉय मुलासाठी घेऊ नका. पावणेसात पौंडांची आहे, एच००१ सव्वापाच पौंडांची. दहा वर्षांचं पोर तेवढं वजन किती वेळ पेलणार? यूथ मॉडेलची नळी सोळा इंचांच्या जरा वर आणि दस्ता एक इंचानं आखूड, काडतुसं पंधराऐवजी बारा मावतात. वाचलेले पैसे काडतुसांवर घाला.

आणि '.२२ म्हणजे चिमण्या मारायची' असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल याच .२२ लाँग रायफल काडतुसावर होते. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं ते यावर, आणि राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं तेही. त्यांच्या रायफली वेगळ्या, लाखांच्या, पण काडतूस हेच. आमच्या गावाकडच्या लोकांसमोर .२२ला खेळणं म्हणू नये.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक. हे वाचणाऱ्यांत एच-१बी किंवा एफ-१ वाले असतील तर थांबा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर केंद्रीय कायद्यानं बंदूक काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, पण ते वकिलाला विचारून करा, मित्राला विचारून नाही. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज) भरावा लागतो, त्यात खोटं लिहिणं गुन्हा आहे. न्यू जर्सीत असाल तर आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, इलिनॉयमध्ये एफओआयडी, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र.

ट्यूब मॅगझीनचं, म्हणजे नळीखाली काडतुसं भरायच्या ट्यूबचं, एक पक्कं लक्षात ठेवा. पितळी आतली नळी पिळून वर ओढायची, खाचेतून काडतुसं सोडायची, बूड मागे आणि टोक पुढे. हे करताना बोटं बंदुकीच्या नळीच्या तोंडाजवळ येतात, म्हणून ते तोंड तुमच्याकडे किंवा मुलाकडे कधीच नको. रिकामी करताना ट्यूब रिकामी दिसली तरी एखादं काडतूस आत कॅरियरवर (काडतूस वर उचलणाऱ्या भागावर) राहू शकतं. लिव्हर अनेकदा चालवा, मग चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) डोळ्यानं बघा, करंगळीनं चाचपा. रिकाम्या चेंबरवर उगाच ट्रिगर दाबायची सवय लावू नका, रिमफायरमध्ये (.२२ हे असंच, कडेवर ठोका बसून पेटणारं काडतूस) फायरिंग पिन, म्हणजे ठोका देणारी कांब, चेंबरच्या कडेवर आपटू शकते. काडतुसं आणि रायफल वेगवेगळ्या कुलपात. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलाला खायला देऊ नका, गोळीत शिसं असतं. .२२ची गोळी मैलाच्या पुढे जाते, त्यामुळे मागे मातीचा बांध नसेल तिथे मारायचीच नाही, शेत स्वतःचं असलं तरी.

आणि दुकानात जाण्याआधी घरी एक करा. मुलाला दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक करायला सांगा, त्यातून भिंतीवरचा दिवा बघायला लावा, मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्यानं दिवा दिसत राहतो तो प्रबळ डोळा, आणि रायफल त्या बाजूच्या खांद्याला. तो लिहितो कुठल्या हातानं हा प्रश्न नंतरचा. डावा निघाला तर काका, मामा, उस्ताद काहीही म्हणोत, त्याला डाव्यानंच मारू द्या.