पुण्यात सदाशिव पेठेत आमच्या वाड्यात पार्किंग नाही, म्हणून घरासमोर पी-१ ला (रस्त्याची विषम तारखेला गाडी लावायची बाजू) बरोबर तारखेला रात्री गाडी लावली, सकाळी काढली, तरी नो पार्किंगचं ई-चलान आलंय, काय करू?

सगळ्यात आधी एक करा, पैसे भरू नका, कारण एकदा भरलं की चूक मान्य केल्यासारखंच होतं आणि मग भांडायला काही उरत नाही. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा ई-चलानच्या साईटवर गाडी नंबर टाकून चलान उघडा, त्यात फोटो असतो, तो नीट झूम करून बघा, गाडी तुमचीच आहे का, नंबर नीट वाचलाय का, आणि मुख्य म्हणजे वेळ किती आहे. तुम्ही म्हणताय सदाशिव पेठेत रात्री लावली आणि सकाळी काढली, तर इथेच घोळ असतो बघा, पी-१ म्हणजे विषम तारीख, पी-२ म्हणजे सम, आणि तारीख रात्री १२ ला बदलते!! चलान १२ नंतरचं असेल तर सोडून द्या, दंड भरून मोकळे व्हा.

आधीचं असेल तर मात्र अजिबात सोडू नका. आजच जाऊन बोर्डाचा फोटो काढा, बोर्ड झाडाच्या फांदीमागे किंवा फ्लेक्सच्या आड गेला असेल तर लांबून पण एक काढा म्हणजे ड्रायव्हरला काय दिसतं ते कळेल. मग तक्रारीच्या ऑप्शनमध्ये चलान नंबर, फोटो आणि दोन ओळी. "माझ्या घरासमोरच लावली होती" हे लिहू नका, वाड्यात पार्किंग नाही हे मलाही माहितीये, पण घरासमोरचा रस्ता सार्वजनिकच असतो. तारीख, वेळ, बोर्ड एवढंच लिहा.