स्लिप डिस्कमुळे कंबर दुखते. कायरोप्रॅक्टरकडचं डिकम्प्रेशन घेतलं तर सरकलेली गादी जागेवर येते का?

नाही, गादी जागेवर बसते असं म्हणायला आधार नाही. काही जणांना तात्पुरता आराम पडतो, इतकंच. डिकम्प्रेशन म्हणजे मुळात जुनं ट्रॅक्शनच (कंबर ओढून मणक्यांना ताण देणं), फक्त टेबल मोटरवर चालतं आणि ओढ कमी-जास्त होत राहते. (काही कायरोप्रॅक्टर हातानेही करतात, टेबलाचा पायाकडचा भाग हळूहळू खाली झुकवत.) ताण असेपर्यंत गादीवरचा दाब कमी होतो हे खरं, पण उठून उभं राहिलं की शरीराचा भार पुन्हा तिच्यावरच. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१३ च्या आढाव्यात ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या तपासल्या होत्या. दुखणं किंवा रोजच्या हालचाली यांत फारसा फरक दिसला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१६ च्या सूचनाही कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कंबरेतून पायात जाणारी नसेची कळ) ट्रॅक्शन देऊ नका असंच सांगतात. बाहेर आलेली गादी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते, आणि श्रेय मिळतं तेव्हा चालू असलेल्या उपचाराला! त्यामुळे वीस-पंचवीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका. झेपेल तेवढं चालणं आणि फिजिओने शिकवलेले व्यायाम, यांवर माझा जास्त भरवसा आहे.

मात्र हाडं ठिसूळ असतील, मणक्यात फ्रॅक्चर, गाठ किंवा स्क्रू असतील, किंवा दिवस गेलेले असतील तर हे टाळाच. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.