बहिणीच्या सासरी सहा जण घेऊन जाण्याआधी

मारहाण सोसणाऱ्या बाईला घरच्यांनी सोडवायचं की कायद्याने, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. यावेळची निवडक पत्रं त्याच धर्तीची आहेत.

प्रश्न : माझं सासर इंदूरला, सध्या नाशिकला माहेरी आहे. अर्ज इंदूरलाच करावा लागेल का?

नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुम्ही तात्पुरत्या राहता त्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो.

प्रश्न : दाजी दारू पिऊन ताईला मारतात. आम्ही दोघे भाऊ आणि चार मित्र जाऊन त्यांना समज देणार आहोत. काही अडचण येईल का?

येईल, आणि ती ताईला भोवेल. जाऊ नका.

सहा जण दारात उभे राहून हात उचलतील, तर दुखापत, धमकी आणि बेकायदेशीर जमाव अशी कलमं तुमच्यावर लागू शकतात. मग "तुम्ही तुमची तक्रार मागे घ्या, आम्ही आमची घेतो" अशी देवाणघेवाण सुरू होते आणि त्यात ताईची तक्रार बुडते. ताईच्या जखमा पाहिलेला, तिचे रात्रीचे फोन घेतलेला भाऊ हा तिचा मोलाचा साक्षीदार असतो. त्याला आरोपी करून घेऊ नका. शिवाय तुम्ही रात्री घरी परतता, ताई त्याच घरात राहते.

दुसरी खोड बैठकीची. चार वडीलधारे बसतात, "यापुढे हात लावणार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. तो कागद मोडला म्हणून पोलीस दाजींना अटक करू शकत नाहीत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडला तर करू शकतात: तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बैठकीत महिने जातात, तेवढ्यात वळ मिटतात आणि शेजारी बोलायचे बंद होतात.

म्हणून असं करा. मार चालू असेल तर पोलीस मदतीसाठी ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. कोणी, कशाने मारलं हे ताईने स्वतः सांगावं आणि केसपेपरवर ते लिहून घ्यावं. "पडले" असं सांगितलं की पुढे तेच आडवं येतं. मग या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. तो कौटुंबिक घटना अहवाल भरतो, त्याचे पैसे लागत नाहीत. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा सांगतो, पण तारखा लांबतात. म्हणून याच कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी शपथपत्रासह पहिल्याच दिवशी करा. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात पोचली की नाही, हे मात्र भावाने जातीने पाहावं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळतो. बाईचं उत्पन्न कितीही असो, मोफत.

प्रश्न : घर सासूबाईंच्या नावावर आहे. "निघ" म्हणाल्या तर निघावंच लागेल का?

नावावरून हे ठरत नाही. घर सासू-सासऱ्यांचं असलं, तरी तुम्ही तिथे संसार केला असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हा राहण्याचा हक्क आहे, मालकी हक्क नाही. न्यायालय दुसऱ्या जागेची सोयही लावू शकतं. घर विकायची कुजबुज कानावर आली, तर त्याच आठवड्यात वकिलाला भेटून विक्री रोखण्याचा आदेश मागा.

प्रश्न : नवऱ्याने नोटरीकडून घटस्फोटाचे कागद करून आणले. सही करू का?

करू नका. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही. "दोनशे पानांचा पक्का कागद" म्हणून हजारो रुपये उकळणाऱ्यांना दारात उभं करू नका. जातीच्या रूढीने घटस्फोट होतो असा दावा असेल, तर तो वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : भाऊ "तुझ्या भल्यासाठी" म्हणून फोन काढून घेतो, नोकरीला जाऊ देत नाही. बोलले तर मारतो. हा कायदा नवऱ्यापुरताच आहे ना?

नाही. एकाच घरात राहणारी बहीण, आई, विधवा भावजय, सगळ्या अर्ज करू शकतात. नोकरी करू न देणं किंवा मनाविरुद्ध लग्नाला भाग पाडणं हेही घटना अहवालाच्या नमुन्यात हिंसाचार म्हणून लिहिलेलं आहे. रक्षणाच्या नावाखाली केलेली कोंडी ही कोंडीच. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्त्री नातेवाईकांविरुद्धही अर्ज चालतो. फोन काढून घेतला असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून १८१ लावा.

प्रश्न : शेवटची मारहाण दोन वर्षांपूर्वी झाली. उशीर झाला का?

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाला मुदत आडवी येत नाही, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. क्रूरतेच्या गुन्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या ४९८अ ला, आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ला, तक्रारीसाठी साधारण तीन वर्षांची मर्यादा आहे. तेव्हा वर्ष उरलं असं धरून बसू नका. जुने संदेश, फोटो, रुग्णालयाची कागदं मूळ फोनसकट जपा आणि याच महिन्यात वकिलासमोर ठेवा.