फराळाच्या ऑर्डरी: कुठली घ्यायची, कुठली सोडायची?

प्रश्न: मी घरूनच दिवाळीचा फराळ करून विकते, मदतीला दोघीजणी असतात. दसरा झाला की फोन सुरू होतात, कुणाला नाही म्हणवत नाही आणि मग शेवटी रात्र रात्र जागूनही कुणाची तरी चकली लेट होतेच. यंदा एका कंपनीने १०० बॉक्स विचारलेत, धनत्रयोदशीच्या आधी हवेत. घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, तुमचं सगळं अडतं ते चकलीच्या कढईपाशी. सोऱ्या दुसरा आणता येईल, माणूस वाढवता येईल, पण चकलीचा घाणा घाईत उरकला की ती आतून मऊ राहते आणि तक्रार येते. म्हणून ऑर्डर किलोत मोजू नका, कढईच्या तासांत मोजा. समजा तासाला २ किलो चकली निघते, आणि बॉक्समध्ये पाव किलो, म्हणजे १०० बॉक्सना २५ किलो, साडेबारा तास नुसती चकलीच!

आता सगळ्या ऑर्डरी द्यायच्या तारखेप्रमाणे वहीत एकाखाली एक लिहा आणि तास मिळवत जा. जिथे बेरीज तारखेच्या पुढे जाते तिथे थांबायचं आणि तोपर्यंतच्या ऑर्डरींतली सगळ्यात जास्त तास खाणारी काढायची, मग पुढे चालू. ही युक्ती माझी नाही हो, मूर नावाच्या संशोधकाने १९६८ साली मांडलीय, वेळेत जाणाऱ्या ऑर्डरींची संख्या याने जास्तीत जास्त होते. फक्त तिला पैसा कळत नाही आणि दरवर्षीचं गिऱ्हाईकही कळत नाही, तिथे तुमचं डोकं वापरा.

तुमच्या केसमध्ये बहुतेक कंपनीचीच ऑर्डर बाहेर पडेल. पण सरळ नाही म्हणू नका, चकली वगळून बॉक्स देते म्हणा. शंकरपाळी, चिवडा, बेसनलाडू टिकतात, त्यामुळे ते आधीच करून पॅक करता येतात आणि शेवटचे दिवस कढई मोकळी राहते. परदेशी कुरिअरवाले सगळ्यात आधी, ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटी. अनारशाला तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, वर गूळ घातलेलं पीठ मुरायला हवं, तेव्हा ती ऑर्डर हातात दहाएक दिवस असतील तरच घ्या, मग समोरून नणंद का विचारेना.

आणि कंपनीकडून निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय बेसन आणायला जाऊ नका, बॉक्सचा आकडा आयत्या वेळी बदलतात ही मंडळी.