मोतीबिंदूसाठी एवढ्या टेस्ट लागतात का?

प्रश्न : आईचं (वय 68) मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. इथल्याच एका नर्सिंग होमने फिटनेससाठी भलीमोठी यादी हातात दिली, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्सरे, रक्ताच्या झाडून सगळ्या टेस्ट आणि एचआयव्हीपण. आईला फक्त बीपी आहे, रोजची एक गोळी चालू आहे, चाळीचे तीन जिने आरामात चढते. हे सगळं खरंच लागतं की लॅबचा धंदा आहे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : धंदा थोडा, सवय जास्त. मोतीबिंदू बहुतेक वेळा डोळा बधिर करणारे थेंब टाकून नाहीतर डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन काढतात, पूर्ण भूल नसते, रक्त जवळजवळ जातच नाही. अमेरिका आणि कॅनडात 19 हजारांच्या आसपास ऑपरेशनांवर अभ्यास झाला होता, 2000 साली छापून आला, अर्ध्यांच्या रुटीन टेस्ट केल्या, अर्ध्यांच्या नाही, आणि त्रास दोन्हीकडे सारखाच निघाला, हजारामागे 31 च्या आसपास.

आणि जास्त टेस्ट म्हणजे जास्त सेफ असंही नसतं हो. लॅबची नॉर्मल रेंजच अशी ठरवतात की 100 धडधाकट माणसांतले 5 तिच्या बाहेर जाणारच, मग वेगवेगळ्या 20 टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा लाल यायची शक्यता 64 टक्के होते. मग त्याच्यासाठी अजून एक टेस्ट, अजून एक डॉक्टर, आणि ऑपरेशन पुढे.

आईंचं बीपी मोजा, शुगर बघा, बास. इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, तर दम लागतो, पाय सुजतात, डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येतोय. तीन जिने चढणाऱ्या बाईला कशाला? एचआयव्हीचं म्हणाल तर ती फिटनेसची टेस्टच नाही, 2017 च्या कायद्याने ती संमतीशिवाय करता येत नाही आणि उपचारासाठी तिची अटही घालता येत नाही. बाकी यादीतल्या एकेका टेस्टपुढे बोट ठेवून विचारा, "ही वेगळी आली तर तुम्ही काय बदलणार?"

उद्या गुडघा बदलायचा म्हटलं तर मात्र हिशोब वेगळा, तिथे हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), ईसीजी पाहिजेच, तेव्हा वाद घालत बसू नका.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगायची, मनाने बंद नाही करायची. घरातल्या पुरुषांचा मोतीबिंदू निघाला तर प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन चालू आहे, किंवा आधी कधी होती, हे आधीच सांगा, तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही, ऐन ऑपरेशनमध्ये बुबुळ लुळं पडतं, आणि हे कुठल्याही रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही.