अटलांटाला एवढे लोक का येतात आणि ते शहर एवढं का वाढतंय? एका मनमाडकराचं उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुढच्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत अटलांटाला जायचंय, नेटवर शोधलं तर मत्स्यालय आणि कोका-कोलाचं म्युझियम एवढंच सापडतं. समुद्र नाही, बर्फाचे डोंगर नाहीत, मग एवढे पर्यटक तिथे जातात कशाला आणि ते शहर एवढं फुगतंय कशाच्या जोरावर?

मी मूळ मनमाडचा. गेली चौदा वर्षं अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. माझं उत्तर दोन शब्दांचं आहे: जंक्शन आहे!

मनमाड पाहायला म्हणून कुणी येत नाही. शिर्डीवाले उतरतात, नांदेडकडची किंवा दौंडकडची गाडी धरणारे उतरतात, चहा घेतात, पुढे जातात. पण त्या उतरण्या-चढण्यावरच गाव उभं आहे. अटलांटाचं तेच, फक्त आकडे वेगळे. १८३७ साली जॉर्जिया राज्याने उत्तरेकडे जाणारी रेल्वे आखली आणि तिचं शेवटचं टोक जिथे येणार तिथे एक खुंटी ठोकली. त्या जागेला नावही दिलं नाही, नुसतं ‘टर्मिनस’ म्हणायचे. आखणी करणारा मुख्य इंजिनिअर म्हणाला होता म्हणे, की इथे एक खानावळ, एक लोहार आणि एक वाण्याचं दुकान चालेल, बाकी काही नाही. पुढे दुसऱ्या दिशांच्या रेल्वे येऊन मिळाल्या, १८४५ च्या सुमाराला अटलांटा हे नाव पडलं, आणि १८६४ साली यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने शहर घेऊन जाळलं. कारण तेच, रेल्वे. दक्षिणेच्या सैन्याची रसद इथूनच फिरायची. चार वर्षांत ते राज्याची राजधानी होऊन परत उभं राहिलं. जंक्शन जाळता येतं, पण रूळ जिथे मिळतात ती जागा कशी हलवणार?

माझे वडील मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात होते, जिथे पुलांचे गर्डर बनतात. ते पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी हौसेने त्यांना डाउनटाउनला नेलं. उंच इमारतींकडे त्यांनी एक नजर टाकली आणि विचारलं, “रस्ता एवढा वर का घेतलाय?” मला चौदा वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. उत्तर असं की रूळ ओलांडताना होणारा खोळंबा टाळायला १९२० च्या दशकात रुळांवरून पूल बांधत गेले, रस्ते एक मजला वर आले आणि जुन्या दुकानांचे तळमजले जमिनीखाली गेले. ती गाडली गेलेली दुकानं म्हणजे आजचं ‘अंडरग्राउंड अटलांटा’. पर्यटनस्थळ म्हणून ते आजवर अनेकदा उघडलं आणि पडलं, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका. बाबा मात्र पुलाच्या कठड्याशी उभे राहून खालून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी मोजत होते. शंभराच्या पुढे गेल्यावर आईने त्यांना ओढून आणलं.

आता विमानतळ. इथल्या लोकांचा एक जुना विनोद आहे: मेल्यावर स्वर्गात जा नाहीतर नरकात, विमान अटलांटालाच बदलावं लागणार. १९२५ साली शहराने शर्यतीच्या गाड्यांचा एक बंद पडलेला ट्रॅक विमानांसाठी भाड्याने घेतला. जमीन होती एसा कँडलर यांची, म्हणजे कोका-कोलाला धंदा म्हणून उभं करणाऱ्या गृहस्थांची. शहराच्या वतीने धडपडणारा तरुण नगरसेवक होता विल्यम हार्ट्सफिल्ड. पुढे तो अनेक वर्षं महापौर होता आणि आज विमानतळाच्या नावात तो आहे. नावातला दुसरा माणूस मेनार्ड जॅक्सन, शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर. १९८० साली जे नवं टर्मिनल उघडलं त्याची कंत्राटं देताना अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना ठरावीक वाटा मिळालाच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला. बडे ठेकेदार चिडले, पण जॅक्सन हटले नाहीत. शहरात आज जो कृष्णवर्णीय उद्योजकवर्ग दिसतो, त्याची एक मुळी त्या धावपट्टीखाली आहे.

१९९८ पासून, करोनाचं २०२० हे वर्ष सोडलं तर, प्रवासीसंख्येत हा जगातला पहिल्या क्रमांकाचा विमानतळ आहे. वर्षाला दहा कोटींच्या वर माणसं. त्यातली बरीचशी शहरात पाऊलही टाकत नाहीत, एका फलाटावरून (मी अजून गेटला फलाटच म्हणतो) दुसऱ्यावर जातात. पण विमानतळावर साठ हजारांच्या वर लोक काम करतात, आणि मोठी कंपनी मुख्यालय कुठे करायचं ठरवते तेव्हा साहेबाला सकाळी निघून रात्री घरी परतता येतं का, हे आधी बघते. डेल्टा ही विमान कंपनी १९४१ साली इथे आली, पार्सलं पोचवणारी यूपीएस १९९१ साली, एक मोठी रेल्वे कंपनी अगदी २०२१ साली.

तुम्ही ज्यांना पर्यटक म्हणता त्यांच्यातले पुष्कळ लोक गळ्यात बिल्ला अडकवून आलेले असतात. अधिवेशनं, प्रदर्शनं, व्यापारी मेळावे. १९७६ साली राज्याने वर्ल्ड काँग्रेस सेंटर नावाचं अवाढव्य अधिवेशन केंद्र बांधलं, तेही जुन्या रेल्वेयार्डाच्या कडेला. त्याआधीच जॉन पोर्टमन या वास्तुविशारदाने १९६७ साली असं हॉटेल बांधलं होतं की ज्याच्या पोटात बावीस मजल्यांची पोकळी आणि त्यात वरखाली जाणाऱ्या काचेच्या लिफ्ट. जगभरच्या हॉटेलांनी ती कल्पना उचलली. त्याचंच १९८५ चं मॅरियट मार्क्विस आणखी उंच. तिथे राहायची गरज नाही, नुसतं आत शिरून मान वर करा. फुकटात एवढं चक्रावून टाकणारं या शहरात दुसरं काही नाही.

मत्स्यालय पाहाच. होम डेपो या घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानसाखळीच्या एका संस्थापकाने दिलेल्या पैशांतून २००५ साली उघडलं, त्यात व्हेल शार्क आहेत, आणि ते मासे तैवानहून विमानाने आणले होते. समुद्र नसलेल्या गावाने समुद्र मागवून घेतला! कोका-कोलाचं म्युझियम मला विचाराल तर एका कंपनीची तिकीट लावून दाखवलेली जाहिरात आहे. १८८६ साली पेंबरटन या औषधविक्रेत्याने पाच सेंटला ग्लास विकला तिथपासूनची गोष्ट बरी सांगतात, शेवटी जगभरची पेयं चाखायला मिळतात, नातवंडं खूश होतात. वेळ कमी असेल तर हेच गाळा.

गाळू नये ते ऑबर्न अव्हेन्यू. मार्टिन लुथर किंग यांचा जन्म १९२९ साली इथल्या एका घरात झाला, चालत चार मिनिटांवर ते आणि त्यांचे वडील जिथे प्रवचन देत ते एबेनेझर चर्च, आणि मध्ये पाण्याच्या हौदात किंग पति-पत्नींची समाधी. जवळच महात्मा गांधींचा पुतळा आहे. १९५९ साली किंग भारतात आले होते आणि मुंबईत ते मणिभवनात राहिले होते, गांधीजी राहत त्याच वास्तूत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे येऊन गेलेत होय,” आणि समाधीपाशी चपला काढून उभी राहिली. पहारेकऱ्याने तिच्या पायांकडे पाहिलं, पण बोलला काही नाही.

तिथेच थोडं पुढे गेलात की डोक्यावर महामार्ग येतो. कृष्णवर्णीयांच्या दुकानांनी, बँकांनी, वर्तमानपत्रांनी गजबजलेल्या या पेठेच्या मधोमध १९५०-६० च्या दशकांत तो रस्ता घातला. जंक्शनच्या गावात नवी वाट काढायची तर ती कुणाच्या दारातून काढायची, हे आधीच ठरलेलं असतं. हार्ट्सफिल्ड अभिमानाने सांगायचा, की आमचं शहर कामात इतकं गुंतलंय की द्वेष करायला वेळ नाही. गोऱ्यांच्या शाळा कृष्णवर्णीय मुलांना उघडताना शेजारच्या राज्यांपेक्षा इथे कमी दंगा झाला हे खरं आहे, धंद्याला दंगा परवडत नाही. पण मेट्रोरेल आखताना शेजारच्या काही काउंट्यांनी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) ती आपल्याकडे येऊच दिली नाही. गोरी वस्ती तेव्हा उपनगरांत पळत होती, आणि रेल्वे आली की शहरातले काळे लोक येतील ही भीती. १९७९ पासून रेल्वे धावते, पण उत्तरेला नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनवर संपते, आणि आपली मराठी घरं बहुतेक त्याच्या पुढे, अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंगकडे.

शहर वाढतंय म्हणतात ते नक्की कुठे, ते इथे कळतं. खुद्द अटलांटा शहराची लोकसंख्या १९७० साली पाच लाखांच्या जरा आत होती, १९९० ला चार लाखांच्याही खाली घसरली, २०२० च्या जनगणनेत परत पाच लाखांच्या काठावर. पन्नास वर्षांत हिशोब तिथल्या तिथे. महानगर मात्र ६० लाखांच्या वर गेलंय. अडवायला समुद्र नाही, डोंगर नाही, पाइनचं जंगल तोडत चहूबाजूंनी पसरायचं. उत्तरेतून कमी खर्चात राहायला आलेले, एकेकाळी आजोबा जिथून पळाले त्या दक्षिणेत परत आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, आयटीवाले आपण. शिवाय २००८ पासून राज्याने चित्रपटनिर्मितीला मोठी करसवलत दिल्यामुळे सिनेमाची माणसं. मी गणपतीला ज्या फोर्साइथ काउंटीत जातो, तिथून १९१२ साली हजारभर कृष्णवर्णीयांना मारझोड करून हाकललं होतं आणि पुढची कित्येक दशकं तिथे एकही कृष्णवर्णीय घर नव्हतं. आज तिथल्या शाळांच्या मैदानावर ढोलताशा वाजतो. लेझीम खेळताना हे आठवलं की पाय थोडा अडखळतो.

या वाढीला अडवणारी गोष्ट एकच, पाणी, आणि ते मनमाडकराला सांगायला नको. आमच्याकडे नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं. अटलांटा ज्या चॅटाहूची नदीवर जगतं ती एवढ्या शहराच्या मानाने लहान, आणि खालची अलाबामा, फ्लोरिडा ही राज्यं वाट्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात. फ्लोरिडाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला. २००७ च्या दुष्काळात तर इथल्या गव्हर्नरने विधानभवनासमोर जाहीर प्रार्थना घेतली होती, पाऊस पाड म्हणून. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ची सुटाबुटातली आवृत्ती.

ऑलिंपिकचं विसरलोच. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी डाउनटाउनमध्ये बाग झाली, ती आजही भरलेली असते. आपल्याला त्या स्पर्धेतलं दुसरंच आठवायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. ते लिअँडर पेसने इथे, स्टोन माउंटनच्या टेनिस कोर्टवर मिळवलं. ते केंद्र पुढे पाडून टाकलं, फलकही सापडला नाही मला. स्टोन माउंटन हा ग्रॅनाइटचा प्रचंड गोटा, चढायला मैलभर, सिंहगड चढलेल्याला सोपा. त्याच्या अंगावर तीन घोडेस्वार कोरलेत. बाबांनी विचारलं, “हे कोण, यांचे महाराज?” म्हटलं, नाही, गुलामगिरी राखायला लढून हरलेल्या बाजूचे पुढारी. कोरीवकाम पुरं झालं १९७२ साली. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “हरलेल्यांचं एवढं मोठं?”

एखादी संध्याकाळ बेल्टलाइनवर घालवा. शहराभोवती जुन्या मालवाहू रुळांचं कडं पडीक होतं. १९९९ साली जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने प्रबंधात लिहिलं, की इथे फिरायची वाट आणि ट्राम करा. २२ मैलांचं ते कडं आता तुकड्यातुकड्याने चालायला खुलं होतंय. ट्रामचा पत्ता नाही, आणि कडेची घरभाडी अशी चढली की २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेलच प्रकल्पाच्या मंडळातून बाहेर पडला. तरी चाला. या शहरात पायी चालणारी माणसं दिसतात ती तिथेच.

शेवटी तुमच्यापुरतं. लेक उपनगरात राहत असेल तर तिची गाडी नसताना तुम्ही घरात अडकाल. माझे आईवडील पहिल्या फेरीत दीड महिना खिडकीतून हरणं बघत बसले होते. तिला आठवड्यातून एकदा नॉर्थ स्प्रिंग्जला सोडायला सांगा, तिथून लाल मार्गाची गाडी डाउनटाउन करून थेट विमानतळापर्यंत जाते. आणि मार्चअखेर ते मध्य एप्रिल टाळता आलं तर टाळा. पाइनचे पराग उडतात, गाड्या, ओटे, चपला सगळं हळदीसारखं पिवळं होतं. टाळता येणार नसेल तर सर्दीच्या गोळ्या इथे महाग पडतात, तिकडूनच घेऊन या.