वाचकांचे प्रश्न: टेरॅरियममधल्या धबधब्याला वास येतोय

प्रश्न: ताई, माझ्याकडे ६० बाय ४५ सेंमी बुडाचा आणि ६० सेंमी उंच काचेचा टँक आहे, आत झाडं भरपूर आणि दोन व्हाइट्स ट्री फ्रॉग. तीन महिन्यांपूर्वी मागच्या भिंतीला फोमचा धबधबा केला, खाली लेका बॉलचा (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा) थर दिला आणि त्यातच पंप पुरला. पहिले काही आठवडे एकदम मस्त. आता पाणी चहासारखं दिसतंय, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, मातीचा चिखल झालाय, पानं पिवळी पडतायत आणि दोघं बेडूक सारखे वर काचेला चिकटलेले. मोठा फिल्टर घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, निदान आत्ता तरी. तुमच्या यादीतली एक गोष्ट आधी खोडून टाकते, तो चहासारखा रंग. लाकूड आणि वाळलेली पानं पाण्यात मुरली की टॅनिन उतरतं आणि पाणी तपकिरी होतं, त्याने बेडकाचं काही बिघडत नाही. बेडूक वर चिकटून बसतात म्हणूनही लगेच घाबरू नका, ही जात दिवसा तशीच झोपते. पण दिवे बंद झाल्यावर, रात्रीसुद्धा ते खाली फिरकत नसतील तर मात्र खालचं काहीतरी त्यांना नकोसं झालंय असं समजा.

आता वास आणि चिखल, ही खरी दुखणी, आणि दोन्ही एकाच जागेवरून आलीत. धबधब्याचं पाणी सगळं कुंडात पडत नाहीये, कडेने कुठेतरी मातीत झिरपतंय. हे ओळखायला सोपं आहे, पंप दोन दिवस बंद ठेवा (तोवर बेडकांना एक उथळ वाटी द्या), माती वरून सुकायला लागली तर गळती धबधब्याचीच. नाहीच सुकली तर खालच्या थरातली पाण्याची पातळी मातीला टेकलीये आणि माती दिव्यातल्या वातीसारखी पाणी वर ओढतेय. कोकोपीट तर यात पटाईत. मातीत हवा उरली नाही की मुळं कुजतात म्हणून पानं पिवळी, आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात म्हणून तो अंड्याचा वास.

मोठ्या फिल्टरने हे का सुटणार नाही ते सांगते. तुमच्या बुडाचा हिशोब करा, ६० गुणिले ४५, त्यात ८ सेंमी पाणी धरलं तर साडेएकवीस लिटर होतात. पण तिथे बॉल भरलेत, ते निम्म्याहून जास्त जागा खातात, म्हणजे खरं पाणी जेमतेम नऊ-दहा लिटर. एवढ्याशा पाण्यात दोन चांगले जाडजूड बेडूक, आणि हे बेडूक पाण्यातच बसून घाण करतात, तीही थोडीथोडकी नाही. त्या घाणीतून अमोनिया होतो, फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं त्यामानाने सौम्य, पण ते साठतच जातं आणि ते बाहेर काढायचं काम तुमचा फिल्टर करत नाही, ते पाणी बदलूनच करावं लागतं. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली तर थोडं नायट्रेट ती खातात, पण तेवढ्यावर विसंबू नका.

माशांच्या टँकपेक्षा इथे जास्त जपावं लागतं कारण बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या कातडीतून शोषतो. म्हणजे तो ज्यात बसला ते त्याच्या अंगात गेलं. साबणाचा अंश, खत घातलेली कुंडीतली माती, तांब्याची तार, यातलं काहीच त्या पाण्याला लागायला नको.

मग करायचं काय? बेडूक दुसऱ्या साध्या डब्यात हलवा, ओला टिश्यू, पाण्याची वाटी, बस. सगळं पाणी काढा, पण नळीला तोंड लावून ओढू नका, बेडकांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, मोठी सिरिंज वापरा. आणि एक गोष्ट कराच, कोपऱ्यात एक उभा पीव्हीसी पाइप बुडापर्यंत टाकून ठेवा. वरून टॉर्च मारली की पातळी दिसते आणि त्यातूनच नळी घालून पाणी उपसता येतं. हा पाइप असता तर तुम्हाला हे सगळं दोन महिन्यांपूर्वीच कळलं असतं.

पंप बॉलमध्ये पुरायचा नाही. त्याला भोकं पाडलेला एक झाकणाचा डबा द्या, आत तोंडाला स्पंज, आणि डबा असा ठेवा की एकही झाड न हलवता हात घालून बाहेर काढता येईल. माझ्या पहिल्या टँकात मी पंप फोममध्ये असा छान लपवला होता की कुणाला दिसला नसता, चौथ्या महिन्यात तो अडकला आणि पूर्ण भिंत सुरीने कापून काढावी लागली, शेवाळासकट. तेव्हापासून दिसला तरी चालेल पण हाताला लागला पाहिजे.

धबधब्याचं कुंडही मातीपासून तोडून टाका, सरळ एक प्लास्टिकचा ट्रे बसवा आणि त्याची कड मातीहून दोन बोटं वर ठेवा. खोली बेडूक बसला की त्याच्या खांद्यापर्यंत, जास्त नको, झाडावरचे बेडूक काही पट्टीचे पोहणारे नसतात. बाहेर यायला उतार किंवा लाकूड हवंच. धारही कमी करा. बॉक्सवर ताशी ३०० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीचं, पाणी वर चढवायला लागला की आकडा भराभर उतरतो, म्हणून लोक मोठा पंप आणतात आणि मग पाणी चहूकडे उडतं. नाकापेक्षा मोती जड. खरं सांगायचं तर या टँकात मी धबधबा ठेवलाच नसता, दगडावरून नुसती झिरपणारी धार केली असती, शेवाळ त्यावर जास्त सुंदर येतं.

नवीन मांडणी चालू करून बेडूक लगेच सोडू नका. जीवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर टेस्ट किटने बघत राहा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच. पुढे दर आठवड्याला निदान एक तृतीयांश पाणी बदला, आणि काढलेलं पाणी ओढ्यात-तळ्यात ओतू नका. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड नावाचा बुरशीचा रोग पाण्यातून पसरतो, आपल्या टँकातलं बाहेरच्या बेडकांना कशाला द्या.

प्रश्न: पंपाचा आवाज येतो म्हणून मी रात्री टायमरने बंद करतो. चालेल का?

उत्तर: पंप नुसता धार चालवत असेल तर चालेल. पण बाहेरचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर नाही, पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जीवाणू मरायला लागतात आणि सकाळी चालू केल्यावर ते सगळं टँकात येतं. आवाजाचं म्हणाल तर बहुतेक वेळा पाणी कमी पडून पंप हवा ओढत असतो, किंवा तो काचेला टेकलेला असतो, खाली स्पंजचा तुकडा ठेवून बघा. स्पंज धुताना टँकातून काढलेल्या जुन्याच पाण्यात पिळा, नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू जातात. आणि वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल.

प्रश्न: नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरते, पुरेसं आहे ना?

उत्तर: क्लोरीन असेल तर साधारण चोवीस तासांत उडतं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं उडत नाही, म्हणून डीक्लोरिनेटरचे (क्लोरीन निकामी करणाऱ्या औषधाचे) थेंब घालाच. आरओचं पाणी स्प्रेसाठी ठेवा, काचेवर पांढरे डाग पडत नाहीत.